शिकारीचे रान आणि निवृत्तीचे घर

अमेरिकेत एल्क, म्हणजे सांबरापेक्षा आकाराने मोठे असलेले हरीण, विपुल असल्यामुळे कोलोराडोसारख्या राज्यात निवृत्तीनंतर स्थायिक होणारे शिकारीचे शौकीन आढळतात. कारण तेथे सलग सहा महिने वास्तव्य केल्यावर मिळणारा रहिवाशाचा शिकार परवाना बाहेरच्यांच्या परवान्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता सांबर-चितळांची शिकार निषिद्ध असल्याने, सुरतेच्या भेस्तान भागातील मराठी कुटुंबांना रानाच्या ओढीने निवृत्तीचे ठिकाण निवडायचे झाल्यास निरीक्षण हाच मार्ग उरतो. त्यांना जवळ पडणारे वांसदा राष्ट्रीय उद्यान पूर्वी वांसदा संस्थानिकांचे खासगी जंगल होते, १९७९मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २४ चौरस किलोमीटर आहे. तथापि त्या परिसरात घर बांधण्यापूर्वी दोन निर्बंध जाणून घ्यावे लागतात: गुजरातेत बिगरशेतकऱ्यास शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही आणि आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे रानालगत जमीन घेण्यापेक्षा गावठाणातील किंवा बिगरशेती केलेल्या जागेतील घर, तेही रुग्णालयाच्या आवाक्यातले, शोधणे अधिक व्यवहार्य ठरते.