दारूवरचा कर: बिलात दिसतो तो आणि दिसत नाही तो

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर उतरले, तेव्हा ओळखीच्या दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘मग बिअर कितीने उतरणार?’ एक रुपयानेही नाही. पिण्याची दारू घटनेनेच जीएसटीबाहेर ठेवली आहे. तिच्यावर कर राज्य लावतं. महाराष्ट्रातल्या परमिट रूमचं बिल एकदा नीट वाचा. मसाला पापड आणि चिकन चिलीच्या बेरजेखाली अडीच अधिक अडीच टक्के जीएसटी असतो, आणि व्हिस्कीच्या बेरजेखाली वेगळा 10 टक्के व्हॅट.

हा व्हॅट मात्र शेवटचा थर. त्याआधीचा मोठा कर, उत्पादन शुल्क, बिलात कुठेच दिसत नाही. म्हणून ‘बारवाले लुटतात’ असं म्हणणं सोपं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने, लिटरमागे 260 रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या, इथेच बनणाऱ्या ‘विदेशी’ मद्यावरचं शुल्क त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. 180 मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत 205 रुपये ठरली. बारमालक या वाढीव भावाने बाटली आणतो, त्यात भाडं, वीज, वेटरचा पगार धरतो, आणि त्या सगळ्या रकमेवर पुन्हा व्हॅट बसतो. 300 रुपयांच्या पेगवर 30 रुपये. नोव्हेंबर 2023 च्या आधी व्हॅट 5 टक्के होता, म्हणजे 15 रुपये. समोरच्या वाईन शॉपच्या काउंटरवर हे 10 टक्के लागतच नाहीत. त्यात परवाना शुल्कही 15 टक्क्यांनी वाढलं, आणि ते धंदा होवो न होवो, भरावंच लागतं. तिन्ही वाढी अंगावर आल्यावर 14 जुलै 2025 ला राज्यभरातल्या बारनी बंद पाळला. पंचतारांकित हॉटेल हे सोसू शकतं. तालुक्याच्या गावातली दहा टेबलांची परमिट रूम कशी सोसणार? तिथलं गिऱ्हाईक क्वार्टर विकत घेऊन सरळ घरी जातं.

जूनच्या त्याच शुल्कवाढीने बिअरही महागली, हा आणखी एक समज. बिअर आणि वाईन त्या निर्णयातून वगळली होती. बिअर कंपनीचं दुखणं निराळं आहे. ती काचेच्या बाटलीवर, लेबलवर, यंत्राच्या सुट्या भागांवर जीएसटी भरते, पण बिअर जीएसटीत नसल्याने त्याची वजावट तिला मिळत नाही. साबणाच्या कारखानदाराला ती मिळते. इथे तो सगळा पैसा बाटलीच्या किमतीत मुरतो.

आणि ‘कर वाढवला की तिजोरी भरते’ हे तर सरकारनेही नेहमी गृहीत धरलेलं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं शुल्क 300 टक्क्यांवरून 150 वर आणलं. त्यातून मिळणारा महसूल 100 कोटींवरून 250 कोटींवर जाईल, असा सरकारचाच अंदाज होता, कारण स्वस्त पडणाऱ्या इतर राज्यांतून येणाऱ्या बाटल्या थांबतील. ऑक्टोबर 2023 मध्ये बिअरची पाळी आली. तिच्यावरच्या आधीच्या शुल्कवाढीनंतर खप घटला, महसूलही घटला, आणि शुल्क कमी करावं का हे तपासायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली.