अस्थिगत नाडीव्रण : शल्यकर्म आणि त्यानंतरची वर्षे

ट्रॅक्टर-ट्रॉली वा दुचाकीच्या अपघातात नडगीचे हाड मोडले, वरची जखम भरली. पण एका बारीक छिद्रातून पू वाहतच राहिला, असे रुग्ण कोल्हापूर परिसरातील वैद्यांना अपरिचित नाहीत. छिद्र मिटते आणि पुन्हा फुटते. अशा रुग्णास केवळ व्रणरोपक तेल देत राहणे शास्त्रसंमत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात दूषित धातूंची गणना शारीर शल्यांत केली आहे. जीर्ण अस्थिशोथात रक्तपुरवठा तुटलेला अस्थिखंड मृत होतो. तेथे रक्त पोहोचत नाही, म्हणून अँटिबायोटिकही पोहोचत नाही. हा मृत अस्थिखंड शल्यच होय. त्याचे आहरण झाल्याविना नाडी कायमची बंद होत नाही.

आधुनिक शल्यविशारद रक्तस्राव होणारे सजीव हाड दिसेपर्यंत मृत भाग काढतात. पोकळी अँटिबायोटिकमिश्रित सिमेंटच्या मण्यांनी वा स्नायूच्या आवरणाने भरतात. हाडात मोठे अंतर पडल्यास रशियन शल्यविशारद इलिझारोव्ह यांच्या कड्यांच्या पद्धतीने दररोज सुमारे १ मि.मी. याप्रमाणे नवे हाड वाढवितात. यास अनेक महिने लागतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील १,०५४ रुग्णांच्या अभ्यासात, अस्थि-संधींच्या जंतुसंसर्गात पहिल्या ६ आठवड्यांत तोंडाने दिलेली अँटिबायोटिके शिरेवाटे दिलेल्यांहून कमी ठरली नाहीत. मात्र क्रम अर्धवट सुटता कामा नये.

दूरकालीन फल केवळ शस्त्रावर अवलंबून नसते. १९८५ च्या सिएर्नी-मेडर वर्गीकरणात हाडाइतकाच रुग्णाच्या बलाचा विचार आहे. मधुमेही व शोषी रुग्णांचे व्रण कष्टसाध्य असतात, हे सुश्रुतांनीही सूत्रस्थानाच्या २३ व्या अध्यायात सांगितले आहे. पुनरुद्भव बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होतो. क्वचित काही दशकांनंतरही होतो. म्हणून ‘पूर्ण बरा’ हा शब्द जपून वापरावा. दीर्घकाळ वाहणाऱ्या नाडीत क्वचित कर्करोग उद्भवतो. वेदना वा दुर्गंधी वाढली, रक्त येऊ लागले किंवा मांसांकुर वाढले, तर ऊतक-तपासणीस विलंब नको.

वैद्यबंधूंनी हाडावरील प्रत्येक वाहत्या नाडीत क्षारसूत्राचा विचार करण्यापूर्वी क्ष-किरण चित्र व रक्तशर्करा पाहावी आणि रुग्णास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. शल्यकर्मानंतर पथ्याहार, तंबाखूत्याग, मधुमेहनियंत्रण आणि वर्षानुवर्षांची देखरेख हे आपले कार्यक्षेत्र आहे. औषधालयचालकांनीही एकाच व्रणासाठी वारंवार जात्यादी तेल नेणाऱ्या ग्राहकाची चौकशी करावी. वेळीच दिलेला एक सल्ला त्याचा पाय वाचवू शकतो.