मांजर कॅमेऱ्यासमोर बसण्यापूर्वी

फोटोसेशनची तारीख ठरली की बहुतेक घरांत पहिला विचार येतो मांजराला आंघोळ घालण्याचा आणि दुसरा, त्याच्या गळ्यात झुळझुळीत रिबन बांधण्याचा. मांजराचं शरीर आणि स्वभाव यांविषयी आज जे माहीत आहे, ते पाहता दोन्ही गोष्टी टाळलेल्याच बऱ्या.

आधी आंघोळीविषयी. मांजर आपली हद्द वासाने ओळखतं. गाल आणि हनुवटीजवळच्या ग्रंथींतून पाझरणारे गंधद्रव्य ते दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कडेला, आपल्या पोटऱ्यांना घासून लावत असतं. जिथे हा वास आहे ती जागा त्याला सुरक्षित वाटते. घरातून बाहेर पडताना हाच वास अंगावर घेऊन ते निघतं. नेमक्या त्याच दिवशी सुगंधी शाम्पूने तो धुऊन टाकला, तर अनोळखी स्टुडिओत त्याला ओळखीचं काहीच उरत नाही. त्यात घाईघाईत कुत्र्यांसाठीचा गोचीड-पिसवांचा शाम्पू वापरला गेला, तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. अशा अनेक औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याच्या यकृताला त्याचं विष निष्प्रभ करता येतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. मग झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो. निरोगी मांजर स्वतःला चाटून स्वच्छ राहतं. आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ ब्रश फिरवावा, डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण ओल्या कापसाने पुसावी, नखांची टोकं दोन-चार दिवस आधी कापावीत. एवढं पुरतं.

खरी तयारी आहे ती मांजराच्या मनाची, आणि तिला वेळ लागतो. माझं स्पष्ट मत असं की शक्य असेल तर छायाचित्रकारालाच घरी बोलवावं. मुंबई-पुण्यात आता घरी येऊन पाळीव प्राण्यांचे फोटो काढणारे मिळतात. पण स्टुडिओतच जायचं असेल, तर काम सुरू होतं ते कॅरिअरपासून. बऱ्याच घरांत ही पेटी माळ्यावर असते आणि फक्त डॉक्टरांकडे जाताना खाली येते. ती दिसली की मांजर पलंगाखाली का शिरतं, हे मग वेगळं सांगायला नको. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2018 मध्ये 22 मांजरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या मांजरांना सहा आठवडे कॅरिअरची सवय लावली: आधी उघड्या पेटीत खाऊ, मग दार क्षणभर बंद, मग पेटी उचलणं, मग गाडी. सवय झालेल्या मांजरांत प्रवासातला ताण कमी दिसला आणि पुढे त्यांची वैद्यकीय तपासणीही लवकर उरकली. म्हणजे फोटोच्या निमित्ताने लावलेली ही सवय मांजराला आजारपणातही उपयोगी पडणार. कॅरिअर आजच हॉलमध्ये उघडी ठेवा, आत त्याच्या झोपण्याचं न धुतलेलं कापड अंथरा.

मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं, असा एक समज आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टिन व्हिटाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये तो तपासला. पिल्लाला मालकाबरोबर नव्या खोलीत ठेवलं, मग दोन मिनिटं एकटं सोडलं, मग मालक परत आला. सुमारे 64 टक्के पिल्लं मालक दिसताच निवळली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. लहान मुलांच्या आईबापांशी असलेल्या नात्याचा अभ्यासही याच पद्धतीने करतात. तेव्हा ‘तुम्ही बाहेर थांबा, आम्ही बघतो’ असं स्टुडिओवाला म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा. मांजराशी सर्वांत जवळीक असलेली घरातली व्यक्ती आतच हवी. सोबत एक साधा पुठ्ठ्याचा खोकाही न्यावा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात प्राणिनिवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांना लपायला खोका दिला, तेव्हा ती बिनखोक्याच्या मांजरांपेक्षा लवकर स्थिरावली. लपायची सोय असलेलं मांजर आपणहून बाहेर येतं. ओढून बाहेर काढलेलं मांजर फोटोत तसंच दिसतं.

एसीचाही विचार करावा. मांजराच्या शरीराला कमीत कमी श्रमात ऊब टिकवता येते ती साधारण 30 ते 38 अंश तापमानात. दिव्यांच्या उष्णतेमुळे 20-22 अंशांवर ठेवलेला स्टुडिओ आपल्याला सुखाचा वाटतो, मांजर तिथे अंग चोरून बसतं.

आवाजाचं तर विचारूच नका. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे 20 हजार हर्ट्झ. मांजर 60 हजारांच्याही वरचे ध्वनी ऐकतं, कारण उंदरांचं चिरकणं त्या पट्ट्यात असतं. फ्लॅश चार्ज झाल्याचा ‘बीप’, शटरची खटखट, जमिनीवर आपटलेला ट्रायपॉडचा पाय, हे सगळं त्याच्यासाठी मोठं आणि टोकदार असतं. छायाचित्रकाराला बीप बंद करायला आणि शटर मूक ठेवायला सांगावं. घरी पंधरा दिवस आधीपासून मोबाइलवर शटरचा आवाज अगदी हळू वाजवून लगेच खाऊ द्यावा, आणि आवाज रोज थोडा वाढवावा. खाऊ म्हणून पेढा किंवा बर्फी नको. गोड चव ओळखणारं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे, हे 2005 मध्ये अमेरिकेतल्या मोनेल केंद्राच्या संशोधकांनी दाखवलं. बऱ्याच प्रौढ मांजरांना दूधही पचत नाही. मीठ, कांदा, लसूण न घातलेल्या उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे सर्वांत चांगले. कांदा-लसणाने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये.

आता डोळे, कारण फोटोचा जीव तिथेच असतो. मांजराच्या दृष्टिपटलामागे ‘टॅपेटम ल्युसिडम’ नावाचा परावर्तक थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश तो परत फिरवतो आणि अंधुक उजेडात मांजराला दिसायला मदत होते. समोरून फ्लॅश मारला की याच थरामुळे फोटोत हिरवे-पिवळे दिवे उमटतात. बाहुलीची गोष्ट आणखी नवलाची. माणसाच्या बाहुलीचं क्षेत्रफळ सुमारे 15 पट कमी-जास्त होतं, मांजराच्या उभ्या फटीचं 135 पट. भर उन्हात ती रेघ होते आणि चेहरा कठोर दिसतो. खिडकीतून आलेल्या मऊ उजेडात ती मध्यम उघडते, आणि बुबुळाचा रंग खुलून दिसतो. म्हणून सकाळचा किंवा सूर्य कलतानाचा, पडद्यातून गाळलेला उजेड निवडावा. मांजर पहाटे आणि संध्याकाळी जास्त चळवळं असल्याने ती वेळ त्याच्याही सोयीची. फ्लॅश लागलाच तर तो छताकडे वळवावा. काळ्या बोक्याचा फोटो काढताना कॅमेरा गडद रंगाला राखाडी समजून चित्र उगाच उजळ करतो, तिथे एक्स्पोजर थोडं कमी करावं; पांढऱ्या मांजरासाठी याच्या उलट.

मोठ्या भिंगाची रोखलेली नजर मांजराला धमकी वाटू शकते. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की माणसाने डोळे बारीक करून हळूच मिटले, तर मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडेही अधिक सहज येतात. छायाचित्रकाराने पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा बाजूला ठेवून जमिनीवर बसावं, मांजराकडे सरळ न बघता सावकाश डोळे मिटावेत. न्यूयॉर्कमध्ये 1949 साली बर्फात सापडलेलं एक पिल्लू घरी आणून वॉल्टर चँडोहा यांनी मांजरांच्या छायाचित्रणाला सुरुवात केली आणि आयुष्यभरात 90 हजारांहून अधिक फोटो काढले. तेही मांजराच्या उंचीवर उतरून काम करत.

सजावटीबाबत मात्र सक्त राहावं लागतं. लिलीची फुलं स्टुडिओत असतील तर आधी बाहेर ठेवायला सांगा. पाकळी, पान, अंगावर सांडलेले परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी, यांतलं थोडंसं पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रिबन, जरीचा धागा, लोकर गिळली गेली तर आतड्यात अडकून आतडं कापतं. खेळवायचंच असेल तर काठीला बांधलेलं पीस वापरावं आणि काम झालं की उचलून ठेवावं. आपल्याकडे पडीक जागेत उगवणाऱ्या खोकलीचं ताजं मूळ हुंगून काही मांजरं लोळू लागतात, तसंच कॅटनिपचंही. पण सगळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही आणि झाला तर काही मिनिटंच टिकतो. तो शेवटच्या फोटोंसाठी राखून ठेवावा. शांत करणारं औषध पशुवैद्याने तपासून लिहून दिल्याशिवाय मुळीच देऊ नये.

कधी थांबायचं हे मांजराचा चेहराच सांगतो. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये मांजराची वेदना चेहऱ्यावरून मोजण्याची पट्टी तयार केली. तीत कान, डोळ्यांचा ताण, नाका-तोंडाभोवतीचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टी पाहतात. ही पट्टी वेदनेसाठी आहे, पण तिने नजर तयार होते. कान बाजूला वळले, शेपटी जमिनीवर आपटू लागली, पाठीवरची कातडी थरथरली किंवा बाहुल्या उजेडातही पूर्ण फाकल्या, की दिवे बंद करून मांजराला खोक्यात जाऊ द्यावं. सदरे-टोप्या चढवून ओढूनताणून उभ्या केलेल्या मांजरांचे फोटो मला बघवत नाहीत, आणि कुणी पाठवले तर ते पुढे पाठवू नयेत अशी माझी विनंती आहे. छायाचित्रकार ठरवताना दर विचारण्याआधी एवढं पक्कं करून घ्या: मांजराला नको झालं तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबेल आणि दुसरा दिवस मिळेल. हे कबूल नसेल, तर दुसरा छायाचित्रकार शोधा.