जुवाखालची मान

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाड्यात खांदेमळणी असायची. त्या दिवशी बैलांना जुंपायचं नाही. आजोबा कढत पाण्यात फडकं बुडवून दोन्ही बैलांचे खांदे शेकायचे. मग हळद कालवलेलं लोणी तळहातावर घेऊन वशिंडाच्या पुढे, मानेच्या वरच्या अंगाला, सावकाश चोळत राहायचे. चोळता चोळता त्यांचा अंगठा एखाद्या जागी थांबायचा. "इथं कढ हाय," एवढंच म्हणायचे, आणि तो बैल पोळा झाल्यावरही आठवडाभर दावणीला राहायचा. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," हे शब्द त्यानंतर बैलाच्या कानाशी यायचे.

पुढे मी पशुवैद्य झालो आणि नोकरीची तीसेक वर्षं बहुतेक बैलांच्या मानेपाशीच काढली. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या अंगठ्याला जे कळत होतं ते पुस्तकात यायला फार उशीर झाला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शेतकरी ज्याला बैलाचा खांदा म्हणतो, तो शरीररचनेच्या पुस्तकातला खांदा नव्हे. जू टेकतं ते मानेवर, वशिंडाच्या अगदी पुढे. बैल चालू लागला की जू मागे सरकतं आणि वशिंडाला अडतं. दोन्ही बाजूंच्या शिवळा आणि गळ्याखालचं जोतं त्याला फक्त जागेवर धरून ठेवतात. ओढ सगळी या वीतभर जागेतून जाते. ही पद्धत किती जुनी आहे याची साक्ष आपल्याच मातीत सापडली. 1974 साली नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला कांस्याच्या मूर्ती निघाल्या, त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे. जू मानेवरच आहे. त्या कारागिरानं बैल नीट पाहिला होता.

शास्त्राची नजर मात्र बराच काळ घोड्यावर होती. 1598 साली बोलोन्यात कार्लो रुइनीचा घोड्याच्या शरीररचनेवरचा ग्रंथ निघाला, 1766 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टब्जनं घोड्याच्या स्नायूंची अप्रतिम चित्रं छापली. 1761 साली फ्रान्समध्ये ल्योंच्या शाळेला मंजुरी मिळाली ती गुरांच्या बुळकांडीच्या धास्तीनं, पण तिचा संस्थापक क्लोद बूर्जला होता अश्वविद्येचा शिक्षक. सैन्य घोड्यावर चालायचं, पैसा घोड्यावर खर्च व्हायचा, आणि विच्छेदनाच्या टेबलावरही घोडाच असायचा. मुंबईत परळला 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी त्याआधीच, 1881 साली, बैलांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला होता, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तरी पुढची कित्येक दशकं शरीररचना शिकायची ती सेप्टिमस सिसनच्या ग्रंथावरून, आणि 1910 सालच्या त्या ग्रंथात नमुना म्हणून आधी घोडा, मग 'बैलात फरक असा' अशी मांडणी होती. ज्या देशात नांगर बैल ओढत होते, तिथली मुलं बैल शिकत होती ती घोड्यापासूनचा फरक म्हणून.

हा क्रम उलटला तो 1964 साली. भारतीय कृषी संशोधन परिषदेनं राघवन यांचा 'अ‍ॅनाटॉमी ऑफ द ऑक्स' हा ग्रंथ काढला. त्यात मुख्य वर्णन बैलाचं, आणि घोडा, कुत्रा, कोंबडी तुलनेपुरती. माझी प्रत अजून कपाटात आहे, पानांना फॉर्मॅलिनचा वास आहे आणि मानेच्या प्रकरणाची पानं सुटी झाली आहेत. अमेरिकेत सिसनच्या ग्रंथाची गेटी यांनी संपादित केलेली पाचवी आवृत्ती 1975 मध्ये आली, तेव्हा कुठे त्यात प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र प्रकरणं मिळाली.

त्या सुट्या पानांमध्ये काय आहे ते सांगायलाच हवं. बैलाच्या मानेत मणके सातच. घोडा, शेळी, कुत्रा, मांजर, आपण, सगळ्यांना सातच. लांबी-आखूडपणा मणक्याच्या मापात असतो, संख्येत नाही. कोंबडीला मात्र साधारण चौदा, म्हणून ती मान वळवून पाठीचं पीस साफ करू शकते. बैलाचे मानेचे मणके आखूड आणि दणकट, त्यांचे वरचे काटे बुटके. फक्त सातव्याचा काटा एकदम उंच होतो आणि तिथून पुढे पाठीच्या काट्यांची चढण लागते. या चढणीपासून डोक्याच्या मागच्या हाडापर्यंत एक पिवळट, जाडजूड पट्टा ताणलेला असतो, मानेचा बंध. विच्छेदनात तो पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो ओढून पाहिला. तो रबरासारखा ताणला गेला आणि सोडल्यावर परत आपल्या जागी आला. बैल तासन् तास डोकं खाली घालून चरतो, मग डोकं वर उचलतो, तेव्हा ते ओझं एकट्या स्नायूंवर पडत नाही, बरीचशी कामगिरी या पट्ट्याची असते. डुकराला आणि मांजराला असा बंध नाही. कुत्र्याचा दुसऱ्या मणक्यापाशीच थांबतो, डोक्यापर्यंत जात नाही.

आपल्या रक्तवाहिन्या, फुप्फुसं, त्वचा ज्या इलॅस्टिन नावाच्या प्रथिनामुळे ताणतात आणि परत येतात, त्याचा अभ्यास विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर याच बंधावर झाला, कारण इतकं इलॅस्टिन एकगठ्ठा दुसरीकडे सहज मिळत नाही. केंब्रिजच्या पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी 1963 साली त्याचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या गाठींची रचना उलगडली. माणसाच्या महारोहिणीची लवचीकता समजली, त्यात बैलाच्या मानेचा वाटा आहे, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत आलो.

आणि वशिंड. ते चरबीचं गाठोडं आहे असं अनेकांना वाटतं. ते मुळात स्नायू आहे, मानेपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाणारा ऱ्हॉम्बॉइड, देशी गुरांत उंचावून वाढलेला, त्यात चरबी मिसळलेली. युरोपच्या गुरांत हाच स्नायू सपाट असतो. 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली, 1970 पासून 'दुधाचा महापूर' योजना आली, जर्सी आणि होल्स्टीनचं रेत गावोगाव पोचलं. दूध वाढलं, घरं सावरली, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण गायींना त्या रेताचे गोऱ्हे झाले तेव्हा त्यांच्या मानेवर जू ठरेना. अडायला वशिंडच नव्हतं. जू सरकायचं, घासायचं, आणि शेतकरी म्हणायचा, "याला खांदाच न्हाई, डॉक्टर." पुस्तकातल्या एका स्नायूचा फरक त्यानं एका वाक्यात सांगितला होता.

खांदेसूज मी सर्वांत जास्त पाहिली ती गळीत हंगामात, ऊस कारखान्याकडे नेणाऱ्या बैलांत. रबरी टायरच्या गाड्या आल्या, ओढ हलकी झाली, म्हणून ओझं वाढवलं गेलं. गाडी उलाळ, म्हणजे मागे जड असेल तर जोतं गळ्याला फास लावतं, धुरजड, म्हणजे पुढे जड असेल तर सगळा भार मानेवर येतो. उतारावर ब्रेक नसलेली भरली गाडी बैल मानेनंच थोपवतो. गोल लाकूड आणि गोल मान, दोन्ही एकमेकांना टेकतात ती अगदी अरुंद पट्टी. तिथली कातडी आधी गरम होते, मग सुजते, मग निबर होते. मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप मी किती डबे लावला असेल, हिशेब नाही. लेपापेक्षा विश्रांती महत्त्वाची, आणि विश्रांती हंगामात कुणालाच परवडत नव्हती. हंगाम सरेपर्यंत जागा दगडासारखी झालेली असायची.

बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी हे दुखणं धोरणाच्या पातळीवर नेलं. कारखाने आणि कंपन्या यांच्या व्यवस्थापनाचा विचार करणाऱ्या माणसानं जू आणि बैलगाडी सुधारा म्हणून वर्षानुवर्षं देशभर धरणं धरल्यासारखं बोलत राहावं, हे मला आजही हलवून जातं. रुंद, गादी लावलेली, मानेच्या वळणाची जुवं अनेक संस्थांनी बनवली. शेतात ती फार थोडी पोचली. सुतार जे घडवत होता तेच चालू राहिलं.

या संदर्भात एक फ्रेंच वाद आठवतो. लफेव्र दे नोएत या लष्करी अधिकाऱ्यानं 1931 च्या ग्रंथात मांडलं, की प्राचीन घोड्यांच्या गळ्याला फास बसे, म्हणून ते भार ओढू शकत नसत. पिढीभर सर्वांनी हे मानलं. 1970 च्या दशकात झां स्प्रुइत यांनी तसाच साज तयार करून खऱ्या घोड्यांवर घातला आणि घोडे गुदमरले नाहीत. पट्टा कुठे बसतो, हे त्यांनी मानेवरच पाहिलं. शिल्पं आणि चित्रं बघून मानेबद्दल निष्कर्ष काढू नयेत, हे मी त्यातून घेतलं.

दरम्यान मानच गावातून कमी होत गेली. 2012 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 1.55 कोटी गोवंश होता, 2019 मध्ये सुमारे 1.40 कोटी. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली. खिलार जातीचा बैल टिकला तो बराचसा बैलगाडा शर्यतींच्या आशेवर. 2014 ची बंदी, मग डिसेंबर 2021 मध्ये मिळालेली परवानगी, आणि 18 मे 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, या सगळ्यात गोठ्यांतले बैल वरखाली होत राहिले.

गेल्या पोळ्याला गावी गेलो होतो. पुतण्याकडे खिलारांची जोडी आहे, नांगराला ट्रॅक्टर. संध्याकाळी त्यानं लोणी-हळदीची वाटी माझ्या हातात दिली. "काका, तुम्हीच मळा." मी वशिंडापुढे तळहात ठेवला, अंगठा फिरवला. घट्टा नाही, कढ नाही. कातडी मऊ, हातात सहज धरता येणारी, आणि त्या जागेवर दाट, अखंड केस. लोणी केसांवरच राहिलं. मी बराच वेळ चोळत राहिलो, ते कातडीपर्यंत जाईपर्यंत.