व्हर्च्युअल मशीन चालते, पण होस्टला सापडत नाही
संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, इंटरनेट व्यवस्थित वापरते, मात्र ज्या मूळ संगणकावर, अर्थात होस्टवर, ते चालते त्यालाच त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, या अडचणीचे मूळ बहुधा बिघाडात नसून जोडणीच्या प्रकारात असते. अशी मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये सुरुवातीला ‘नॅट’ ही जोडणी असते. तीत मशीनला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि बाहेर जाण्याची वाट खुली राहते, परंतु होस्टकडून आत येण्याची वाट ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ने, उदाहरणार्थ होस्टचे २२२२ क्रमांकाचे पोर्ट मशीनच्या २२ शी जोडून, मुद्दाम उघडावी लागते.

बालाघाट जिल्ह्यातील राजेगावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी फक्त होस्ट आणि मशीन यांना जोडणारी ‘होस्ट-ओन्ली’ ही जोडणी अधिक भरवशाची, कारण तिला इंटरनेट लागतच नाही आणि होस्टचा पत्ता बहुधा १९२.१६८.५६.१ असा कायम राहतो. मशीनला थेट होस्टच्याच नेटवर्कवर आणणारी ‘ब्रिज्ड’ जोडणी मात्र वायफायवर अनेकदा अडते. योग्य जोडणी निवडूनही मशीनवरील वेबपान होस्टवर उघडत नसेल, तर मशीनमधील सर्व्हर केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःपुरताच, ऐकत आहे का, हे आधी तपासावे. ‘पिंग’ या चाचणी-संदेशाला उत्तर न येणे हा मात्र जोडणी तुटल्याचा पुरावा नव्हे, कारण मशीनमधील विंडोजची फायरवॉल पिंग अडवत असू शकते.