झाड जगवण्याचे अनुदान आणि झाड गेल्याचे अनुदान

औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग जोडून 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा 1972 च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडलेली पिढी येथे अजून शेतात राबत होती. पुढे 1990 च्या सुमारास राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि खड्डे, कलमे व मजुरी यांचा खर्च सरकारी तिजोरीतून मिळू लागल्याने अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यांत मोसंबी झपाट्याने पसरली. मात्र लागवडीला अनुदान देणाऱ्या व्यवस्थेने त्या झाडाला उन्हाळ्यात पाणी कोठून मिळणार, हा प्रश्न विहिरीवर आणि नशिबावर सोडला होता.

त्याचे उत्तर 2012 च्या अपुऱ्या पावसाने दिले. विहिरी व बोअर आटल्यावर टँकरचे विकत घेतलेले पाणी नळीने एकेका आळ्यात, म्हणजे खोडाभोवती केलेल्या गोल खळग्यात, सोडले जाऊ लागले. आळ्यावर उसाच्या पाचटाचे आच्छादन घालणे, फळे तोडून टाकणे, फांद्या छाटून खोडाला बोर्डो पेस्ट लावणे, हे सारे पीक घेण्यासाठी नव्हे, तर झाड केवळ जिवंत राहावे म्हणून चालले होते. याच हंगामात बागा वाचवण्यासाठी हेक्टरी 30 हजार रुपयांचे विशेष साहाय्य जाहीर झाले. टँकरच्या दरापुढे ती रक्कम तोकडी होती, तरी अनुदानांच्या या मागोव्यात तिचे स्थान वेगळे आहे, कारण ती झाड मरण्यापूर्वी द्यावयाची होती. मोसंबीची बाग फळावर येण्यास साधारण पाच वर्षे लागतात. त्यामुळे बाग वाळली की शेतकऱ्याचा एक हंगाम नव्हे, तर अर्धे दशक जाते.

नंतरच्या काळात संरक्षणाचा भार शेततळ्यांकडे वळला. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कमाल 50 हजार रुपये मिळत, पण प्लास्टिकच्या अस्तराचा खर्च त्यात बसत नसे आणि मुरमाड जमिनीतल्या बिनअस्तराच्या तळ्यातले पाणी दिवाळीनंतर कितपत टिकते, हे सांगावयास नको.

संकट अवर्षणाकडून अतिवृष्टीकडे सरकले, तसे अनुदानाचे स्वरूपही पालटले. आता पैसा पंचनाम्यामागून, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी नुकसान नोंदवल्यानंतर, येतो; 2022 च्या केंद्रीय निकषांनुसार बहुवार्षिक फळपिकांना तो हेक्टरी 22,500 रुपये ठरला. झाड जगवण्याचा हेतू या रकमेत उरलेला नाही. शिवाय सारे काही कागदावरील नोंदीवर अवलंबून राहिल्याने नोंदच खोटी करण्याची वाट मोकळी झाली, आणि अंबड व घनसावंगी तालुक्यांतील बोगस लाभार्थ्यांची प्रकरणे 2025 मध्ये उघडकीस येऊन महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील पुरांनंतर राज्याने खरडून गेलेल्या, म्हणजे वरचा सुपीक थर वाहून गेलेल्या, जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामे जाहीर केली. असा थर पुन्हा भरण्यासाठी लागणारा गाळ तलावांच्या तळाशी असतो, आणि तलाव त्या वेळी काठोकाठ भरलेले होते.