इंजिनावरील रंगाचे फोड

राजपुरीच्या खाडीच्या एका कांठावर आगरदांडा व समोर दिघी, अशीं दोन बंदरें आहेत. मधल्या पाण्यांतून मोटारी व फटफट्या वाहून नेणाऱ्या बोटीस तिकडे जंगलजेटी म्हणतात. मुरूडचा जंजिरा पाहून दिवेआगर-श्रीवर्धनकडे निघालेले पुण्यामुंबईचे तरुण आपल्या फटफट्या हिच्यावरच चढवितात. वाऱ्यानें उडालेले तुषार इंजिनावर पडतात, सुकतात, आणि विसरले जातात. पुढें कांहीं महिन्यांनीं, घरच्या जिन्याखालीं उभ्या असलेल्या त्या गाडीच्या इंजिनावर फोड उठतात. मालक मात्र रंगाच्या कारखानदारास दोष देत बसतो.

फोड दाबून फोडला तर आंत पांढरी भुकटी सांपडते. लोखंडाचा गंज तांबडा, हें सर्वांस ठाऊक. परंतु इंजिनाचें कवच बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें असतें आणि त्याचा गंज पांढरा. एरव्हीं हा धातु मोठा सावध. हवा लागतांच तो स्वतःभोंवतीं ऑक्साइडचा अतिशय पातळ, पण घट्ट पापुद्रा धरतो व पुढची झीज थांबवितो. मिठांतील क्लोराइड नेमका हा पापुद्रा भेदतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलें तरी ते मागें राहतात. शिवाय हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली कीं साधें मीठ हवेंतलें पाणी ओढून स्वतः विरघळूं लागतें. पावसाळ्यांत बरणींतील मिठास पाणी सुटतें, तोच हा प्रकार. रंगाचा टवका उडालेल्या जागेंतून किंवा स्क्रूच्या कडेनें हें खारें पाणी आंत शिरतें. तेथें होणारी भुकटी मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापते आणि रंगास खालून उचलते.

पोलादी स्क्रूंभोंवतीं फोड आधीं दिसतात, यालाही कारण आहे. दोन भिन्न धातु आणि खारें पाणी एकत्र आलीं कीं विजेचा घट तयार होतो. १८०० सालीं व्होल्टानें आपला स्तंभ याच तत्त्वावर रचला. या जोडींत ॲल्युमिनियम झिजतें, पोलाद वांचतें. १८२४ सालीं हंफ्री डेव्ही यानें जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यास लोखंड व जस्त जोडून तांबें वांचविलें, तें याच न्यायानें. (तांबें झिजेनासें झाल्यावर त्यावर शिंपले चिकटूं लागले, ही गोष्ट निराळी!) तेथें बळी मुद्दाम दिलेला होता, येथें बळी जातें तें इंजिनाचें कवच.

अशा फोडांवर नवा रंग फांसणें हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. मीठ आंत कोंडलें जातें आणि झीज रंगाआड चालूच राहते. घट्ट रंग लागेपर्यंत सुटलेला सर्व रंग खरवडावा. भुकटी पॉलिश पेपरनें काढावी. लोखंडी तारेचा ब्रश वापरूं नये, कारण त्याचे कण धातूंत रुतून नवे घट निर्माण करतात. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमला खाऊनच टाकतो. मग गोड्या पाण्यानें सावकाश धुवावें. खरें औषध हेंच, आणि घाईंत वगळलें जातें तेंही हेंच. पूर्ण वाळल्यावर, उघड्या हवेंत व विस्तवापासून दूर, थिनरनें तेलकटपणा पुसावा. नंतर ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर आणि उष्णता सोसणारा रंग पातळ थरांनीं द्यावा. सिलिंडरच्या पाकळ्यांवर जाड थर नको. त्या उष्णता बाहेर टाकण्यासाठींच असतात. खोल खळगे पडले असतील, किंवा तेल पाझरत असेल, तर जाणत्या कारागिराकडे जावें.

किनाऱ्यावरून परतल्यावर इंजिन थंड होऊं द्यावें, साध्या नळाच्या पाण्यानें धुवावें, आणि थोडा वेळ चालवून वाळवावें. ओल्या गाडीवर प्लास्टिकचें आच्छादन घालूं नये. पावसांत उघडी राहिलेली बाजू पुष्कळदां बरी निघते, कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाची बाजू मात्र पोखरलेली असते. म्हणून धुतांना इंजिनाच्या पोटाखालून सुरुवात करावी.